पाणी बघणारा

४ फेब्रुवारी १८२४

धाकट्यास,

तुझं पत्र पोचलं, आणि त्यात घडी घालून ठेवलेला सरकारचा जाहीरनामाही. कागद चांगला जाड आहे. रिकाम्या कणगीच्या झाकणाला भोक पडलं होतं, त्यावर खळ लावून चिकटवून टाकला. आता आत शिरणाऱ्या उंदराला आधी तुझ्या साहेबाची सही वाचावी लागते.

चिकटवण्याआधी मी तो दोनदा वाचला. वडिलांनी आपल्या दोघांना एकाच पाटीवर अक्षरं शिकवली, हे तू कचेरीत कुणाला सांगत नसशील. जाहीरनामा म्हणतो, इथले लोक आळशी, म्हणून जमिनी पडीक पडल्या. आणि सरकार कनवाळू, म्हणून समुद्रापलीकडून कापसाचं उत्तम बियाणं येतंय. भाषांतर तुझंच. 'कनवाळू' हा शब्द मी ओळखला. मार चुकवायचा असला की तू वडिलांना हेच म्हणायचास.

आता आळशी लोकांची हकीकत ऐक. लढायांच्या बारा वर्षांत हे गाव तीनदा जळालं. तिन्ही वेळा लोक परत आले, राखेत नांगर घातला आणि पेरलं. मग तुमचं सरकार आलं, शांतता आली, आणि पाच वर्षांत गाव ओस पडलं. तोफांना जे जमलं नाही ते तुमच्या एका कागदाने केलं. पाटकऱ्याचा हक्क बंद!

ओढ्यावरच्या बंधाऱ्यातून निघालेला पाट शेवटच्या शेतापर्यंत आपोआप पोचत नाही, हे तुला मी सांगायला नको. तुझं अर्धं बालपण त्या पाटात डुंबण्यात गेलं. कुणाची पाळी कधी, कुणाच्या शेताचं तोंड किती वेळ उघडं, खेकड्याने भोक कुठे पाडलंय, हे सगळं बघणारा एक माणूस होता, तो पाटकरी. सुगीला घरटी सूपभर धान्य घ्यायचा. सरकार म्हणालं, हा जुलूम. सूप बंद झालं, माणूस गाव सोडून गेला. वरच्या शेतवाल्यांनी पाणी अडवलं, खालचे कुदळी घेऊन धावले, दोघांची डोकी फुटली. खेकड्याचं भोक कुणी बुजवलं नाही, त्याचं भगदाड झालं, आणि पुढच्या पुरात निम्मा बंधारा वाहून गेला. साठ घरांतली अठरा उरली. गेले ते दारं-चौकटीसुद्धा उपसून घेऊन गेले. खालच्या शिवारात पुरुषभर काटेरी झुडपं माजलीत आणि त्यात रानडुकरांचा संसार सुखाने चाललाय. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही.

बियाणं जरूर पाठव. जमलं तर त्याच गोणीत थोडं पाणीही भरून पाठव.

आक्का


२६ फेब्रुवारी १८२४

आक्कास नमस्कार.

तुझी जीभ अजून जागेवर आहे हे वाचून आनंद झाला. पण असली पत्रं जपून लिहीत जा. इथे टपाल फुटतं, आणि मी काही साधा कारकून राहिलेलो नाही. साहेबांच्या शेजारच्याच खोलीत माझं टेबल आहे. खिडक्यांना काचा आहेत, टेबलावर हिरवं कापड आहे. साहेब मला 'माझा उजवा कान' म्हणतात.

तुझं म्हणणं मला पटत नाही. एक म्हातारा गेला म्हणून गाव ओस पडलं, असं कुठे असतं? लोकांना शिस्त नाही. आपापसांत पाणी वाटून घेता येत नाही, ते सरकारने येऊन वाटायचं का? उलट सरकारने त्यांचं एक सूप धान्य वाचवलं. आपल्या लोकांना उपकाराची जाणीव नसते, हेच खरं.

आणि ज्याच्यासाठी तू गळा काढतेस तो म्हातारा उपाशीबिपाशी नाही. नव्या मोठ्या रस्त्यावर, दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी खडी फोडतोय. गेल्या महिन्यात साहेबांच्या गाडीमागून घोड्यावर जाताना मी स्वतः पाहिला. त्याने मला ओळखलं नाही. एका अर्थी बरंच झालं त्याचं. निदान आता काम तरी करतो.

बियाण्याच्या तीन गोण्या पुढच्या आठवड्यात येतील. आपल्याच गावात ते आधी पेरलं जावं अशी साहेबांची इच्छा आहे. मीच तसं सुचवलं. माझं नाव राख म्हणजे झालं.

तुझा धाकटा


३० मे १८२४

उजव्या कानास,

कान हा अवयव चांगला, फक्त पिळायला फार सोपा असतो. तेवढं ध्यानात ठेव.

तुझ्या पत्राचा एक उपयोग झाला: माणूस कुठे आहे ते कळलं. मी बैलगाडी जुंपली आणि दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी गेले. खडीच्या ढिगावर बसला होता. धुळीने भुवया पांढऱ्या, डोळ्यांवर फडकं, हाताची दोन नखं गेलेली. म्हटलं, "पाटकरी, चला."

"कुठे?"

"गावी."

"पाट आहे का?"

"बुजला."

"आणि बंधारा?"

"निम्मा उरलाय."

त्याने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "निम्मा म्हणजे पुष्कळ झाला."

गाडीत बसल्यावर त्याने तुझी चौकशी केली. म्हणाला, "धाकट्याने मला बरोबर ओळखलं हं. मान अशी झटकन फिरवली की टोपीच पडली." 'निदान आता काम तरी करतो' हे तुझं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. तुला नसली तरी मला लाज आहे.

मग अठरा घरं गोळा केली. सगळ्यात वरच्या शेतवाल्याने पाय मागे घेतला. "मला पाणी मिळतंय. मी कशाला उन्हात मरू?" पाटकरी त्याच्या शेतात उतरला, मूठभर माती उचलली आणि त्याच्या जिभेवर ठेवली. "खारट लागते? चार वर्षं पाणी अडवून धरलंस, म्हणून खार वर आलाय. खालच्यांना कोरडं मारलंस आणि स्वतः बुडून मेलास." दुसऱ्या दिवशी तो गडी सगळ्यांच्या आधी पहार घेऊन हजर.

दोन महिने खपलो. बायकांनी चिकणमाती वाहिली, पुरुषांनी दगड. मला गावातल्या गावात दिलं, त्या घरातल्या माझ्या दोन्ही जावा एकमेकींशी सहा वर्षांनी बोलल्या, कारण एकच घमेलं दोघींना उचलावं लागलं. काल बंधारा पुरा झाला.

मध्येच तुझ्या कचेरीचा शिपाई आला. "पाटकऱ्याचा हक्क वसूल होतोय अशी खबर आहे."

म्हटलं, "हक्क कसला? पाहुणा आहे."

"कुणाचा?"

"अठरा घरांचा. रोज एकाकडे जेवतो. सरकारने जेवण बंद केल्याचा कागद असेल तर ठेवून जा, कणगीला अजून एक भोक आहे."

शिपाई आमच्याकडेच जेवून गेला.

तुझ्या गोण्या पोचल्या. बी लठ्ठ आहे, तुझ्यासारखं.

आक्का


१० नोव्हेंबर १८२४

आक्कास नमस्कार.

तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. बियाणं पेरलंस की नाही, एवढं तरी कळव. पाऊस बरा झाला, बंधारा टिकला, गेलेल्यांपैकी नऊ घरं परत आली आणि खालच्या शिवारात झुडपं तोडून गहू पेरला, हे सगळं मला बाहेरून कळतं. सख्खी बहीण कळवत नाही.

साहेबांना मी सांगितलंय की कापूस उत्तम उगवलाय. सांगावंच लागलं, ते रोज विचारतात. आता ते जानेवारीत स्वतः बघायला येणार आहेत. तंबू, घोडे, दोन पाहुणे आणि मी. सर्वांसमोर माझी मान खाली जाईल असं काही बोलू नकोस. तू बोलशील ते मी नीट करून सांगेन.

आणखी एक. त्या दिवशी पाटकरी समोर नसेल तर बरं. कारण विचारू नकोस. त्याला कुठेतरी नातेवाइकांकडे पाठव.

तुझा धाकटा


२ फेब्रुवारी १८२५

दुभाषेबुवांस,

नीट करून सांगणार होतास. केलंस खरं नीट! लोहार नाल ठोकून ठोकून सरळ करतो तसं.

तुम्ही परत गेलात त्या दिवसापासून लिहायला बसतेय आणि उठतेय. आज लिहितेच.

साहेब माझ्या बांधावर उभा होता. पलीकडे गुडघाभर गहू डोलत होता, अगदी पाटाच्या शेपटाकडच्या, शेवटच्या शेतापर्यंत. सहा वर्षांत तिथे कुणी हिरवं पान पाहिलं नव्हतं. त्याने विचारलं, हे कसं झालं? मी म्हटलं, "पाण्याने झालं. पाणी या म्हाताऱ्याने आणलं. तुमचं बियाणं रस्त्याकडेच्या शेतात आहे, छातीएवढं वाढलंय, पण बोंड धरत नाही. शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते." एवढं मी बोलले. श्वास घ्यायला दोनदा थांबले. तू पाच-सहा शब्द बोललास, आणि साहेबाने खूश होऊन माझ्यापुढे टोपी काढली. शेळीसाठी कुणी टोपी काढत नाही, धाकट्या. माझ्या तोंडात तू काय घातलंस ते मला कळलं.

तेही गिळलं असतं. तू भित्रा आहेस हे काही आजचं नाही. पण मग साहेबाने पाटकऱ्याकडे छडी दाखवून विचारलं, हा कोण? आणि तू काहीतरी सांगितलंस. साहेब हसला, पाहुणे हसले, तूही हसलास.

तुला वाटलं, आमच्यात कुणाला ती भाषा येत नाही. पाटकऱ्याला येते. खडी फोडताना गोऱ्या मुकादमाकडून वीसेक शब्द शिकलाय, सगळ्या शिव्या. तुम्ही गेल्यावर तो मला म्हणाला, "तुझ्या भावाने मला जे म्हटलं ते मुकादम रोज म्हणायचा. आळशी. त्याच्या जोडीला आणखी एक शब्द होता, तो तिथे रस्त्याच्या कामावर जनावरांच्या गोचिडीला वापरायचे." हे सांगताना त्याच्या आवाजात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं आणि पाटाकडे गेला.

मी त्याला घरात लपवून ठेवावं अशी तुझी इच्छा होती. का? आता कारण विचारतेच आहे. खोटं लिहिणार असशील तर कागद वाया घालवू नकोस.

आक्का


२१ फेब्रुवारी १८२५

आक्का,

खरं लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मला कचेरीत लागून सहाच महिने झाले होते. गावोगावच्या हक्कदारांची यादी आली होती. कोण काय काम करतो आणि त्याबद्दल गावाकडून काय घेतो, असं सगळं. साहेब लाल पेन्सिल घेऊन बसले होते. मी वाचायचो, ते विचारायचे, मी सांगायचो. आपल्या गावाची पाळी आली. पाटकरी. साहेबांनी विचारलं, "हा काय करतो?"

मला माहीत होतं. तुझ्याइतकंच माहीत होतं. त्याच्या खांद्यावर बसून मी बंधारा पाहिलाय. ते सांगायला दहा वाक्यं लागली असती आणि मला त्यांच्या भाषेची धड चारच येत होती. पण ते निमित्त झालं. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "काही नाही, साहेब. उभा राहून पाणी बघतो."

साहेब हसले. म्हणाले, "आणि पाणी त्याच्याकडे बघतं का?" खोलीतले दोघे जुने कारकून हसले. ते दोघं सहा महिने माझ्या कपड्यांना, माझ्या उच्चारांना, मी जेवतो कसा त्याला हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याबरोबर हसले. मला काय वाटलं सांगू? वाटलं, आपण माणसांत आलो. लाल रेघ ओढली गेली तेव्हा मी पुढचं नाव वाचत होतो.

तुझ्या बांधावर तो उभा दिसला आणि साहेबांनी पुन्हा त्याच्याबद्दलच विचारलं. आता खरं सांगायचं म्हणजे तेव्हा काय सांगितलं होतं तेही सांगायला हवं. म्हणून पुन्हा तेच केलं, जरा आणखी वाईट.

मला शिव्या दे. पण उत्तर दे.

धाकटा


२५ मार्च १८२५

धाकट्यास,

शिव्या द्यायच्या होत्या. महिनाभर निवडत होते, एकही तुझ्या मापाची मिळाली नाही.

तुझं पत्र मी पाटकऱ्याला वाचून दाखवलं. तो ज्वारीच्या काडीने दात कोरत ऐकत होता. 'उभा राहून पाणी बघतो' इथे आले तेव्हा म्हणाला, "खरंच आहे की. उभाच असतो मी. बसून पाणी दिसत नाही."

पुढे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तोंड उघडेल, तुला कुळासकट बुडवेल. त्याने काडी फेकून दिली. मग विचारलं, "त्या यादीत आणखी किती गावं होती?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"मग धाकट्याला विचार. त्या गावांतही पाट असतील. त्यांचे पाटकरी आता कुठे खडी फोडतायत, ते विचार."

विचारलं. उत्तर मला नको, त्याला दे.

आक्का


१९ नोव्हेंबर १८२५

आक्कास आणि पाटकरीकाकांस,

काका, इतके महिने लागले कारण जुनी यादी दप्तरखान्यात सगळ्यात खाली होती, आणि मला ती चोरून बघावी लागली. एकेचाळीस गावं. त्यांतले सोळा पाटकरी खोडले गेले. सगळीकडे मी तेच वाक्य सांगितलं होतं. पहिल्यांदा सगळे हसले म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं, मग कुणी हसेना तरी सांगत राहिलो. मी कधी मोजलं नव्हतं.

सप्टेंबरात नवा मुलूख आमच्या कचेरीला जोडला गेला. त्याची यादी आली. त्यात नऊ पाटकरी. या वेळी मी प्रत्येकासाठी एकेक पान लिहून नेलं: बंधारा कुठे आहे, पाट किती लांब, पाळ्या कशा लागतात, माणूस गेला तर पहिलं कोणतं शेत मरतं, दुसरं कोणतं. साहेबांनी पहिलं पान अर्धं वाचून ढकललं. म्हणाले, "हा माणूस काही करत नाही, असं तूच सांगितलं होतंस."

मी म्हणालो, "मी खोटं बोललो होतो."

"तेव्हा की आता?"

दोघे जुने कारकून तिथेच होते, मान खाली घालून लिहीत असल्याचं सोंग करत. मी म्हणालो, "तेव्हा." आणि मग उभ्याउभ्या नऊही पानं मोठ्याने वाचून काढली. साहेब मध्येच खिडकीशी गेले, परत आले, पाइप पेटवला. मी थांबलो नाही. तुझी शेळीसुद्धा सांगितली, आक्का. या वेळी त्यांनी टोपी काढली नाही.

चार पाटकरी एक वर्षाच्या बोलीवर ठेवले. पाच खोडले. का चार आणि का पाच, ते विचारू नका. माझ्यासमोर पेन्सिल चालली, तिला काही हिशेब नव्हता. त्या पाच गावांची नावं सोबत पाठवतोय.

वर्षाचा अहवाल छापून आला. त्यात आपलं गाव आहे. 'विदेशी बियाण्याच्या प्रसाराने ओसाड प्रदेशाची भरभराट' असं लिहिलंय. ते वाक्य बदला म्हणून मी अर्ज केला. त्याचं उत्तर म्हणून माझं टेबल जिन्याखालच्या नकलांच्या खोलीत गेलं. इथे खिडकी नाही. दिवसभर डोक्यावरून बुटांचे आवाज जातात. दुभाष्याच्या जागी त्या दोघांपैकी एक बसतो.

धाकटा


८ डिसेंबर १८२५

धाकट्यास,

चार वाचवलेस म्हणून मी पाठ थोपटावी अशी वाट बघत असशील, तर बघत बस. सोळा बुडवून चार काढलेस. असला हिशेब तुझ्या साहेबालाच शोभतो. आणि खिडकी गेली म्हणून रडगाणं लावू नकोस. काचेतून इतकी वर्षं बघत होतास, त्यातून काय दिसलं तुला?

'तेव्हा' हा शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा बाहेर जाऊन आले. याहून जास्त मी लिहिणार नाही.

अहवालाचं मनावर घेऊ नकोस. इथे कुणाला तो वाचायचा नाही, आणि गव्हाला तर नाहीच. घरं आता एकेचाळीस झालीत. कापसाची झाडं उपटून वरच्या शेतवाल्याने कुंपण केलं. रानडुकरं अडतात, तेवढं तुझ्या सरकारचं श्रेय मी मान्य करते.

पाच गावांची नावं मिळाली. जुन्या सोळांची कुठे आहेत? तीही उतरवून पाठव. नकलांच्या खोलीत बसवलंय ना तुला, मग नक्कल कर. आपल्या माणसाला पाहुणा करून कसं ठेवायचं हे त्या लोकांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. कचेरीतून ते होणार नाही.

म्हणून पाटकरी आज निघाला. पाटावर त्याच्या जागी सध्या मी आणि धाकटी जाऊ आहोत. पहिल्याच दिवशी माझ्याकडून एक पाळी चुकली आणि वरच्या शेतवाल्याने मला सर्वांसमोर सुनावलं. योग्यच सुनावलं.

गाडी देऊ केली तर म्हातारा नको म्हणाला, गाडीतून ओढे नीट दिसत नाहीत. एक धोतर, एक कुदळ आणि तू पाठवलेला कागद घेऊन निघाला. कागद वाचता येत नाही, म्हणून गावांची नावं मी त्याच्याकडून पाठ करून घेतली. मी विचारलं, "अनोळखी गावं ती. तुमचं ऐकतील तरी का?"

"पहिल्या वर्षी हसतील," म्हणाला. "शेपटाकडची शेतं सुकायला लागली की बोलवायला येतील. तोवर थांबेन. मला काय घाई आहे?"

अडुसष्ट वय आहे त्याचं, आणि म्हणे घाई नाही.

आक्का